बाईसाहेबांच्या चेहऱ्यावरची माती

लक्सर, बोटीवरून. मंगळवार, दुपार

तय्यब,

अक्षर ओळखून पत्र फाडायला निघाला असशील तर थांब. एवढं पान वाच, मग खुशाल फाड. फोनवरच सांगितलं असतं, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. कुवेतचा हा पत्ता सालेममामाच्या गळी पडून काढलाय. त्या बिचाऱ्याला बोल लावू नकोस.

बाईसाहेब जागेवर आहेत.

पुन्हा लिहितो, कारण माझाच माझ्यावर विश्वास बसत नाहीये. आपल्या मागच्या खोलीतल्या, भिंतीवर रंगवलेल्या बाईसाहेब जशाच्या तशा आहेत. नाक, हनुवटी, हातातलं कमळ, तो कानापर्यंत गेलेला डोळा, सगळं. कुणी कापलं नाही, कुणी विकलं नाही. तू चोर नव्हतास, तय्यब.

अक्षर वेडंवाकडं येतंय, सांभाळून घे. मांडीवर कागद ठेवून लिहितोय.

झालं असं. सकाळी चौदा पाहुणे घेऊन पश्चिम तीरावर गेलो. आमच्या बोटीचा नेहमीचा कार्यक्रम: पहिल्या दिवशी राजांची थडगी, राणीचं देऊळ, मग दुपारी जेवून नांगर उचलायचा आणि असवानपर्यंत देवळं बघत जायचं. या फेरीपासून ऑफिसने गुर्न्याच्या टेकडीवरचं एक थडगं त्यात घुसडलंय, गेल्या महिन्यात साफ करून उघडलेलं. कागदावर नुसता आकडा. मला काय ठाऊक? आपल्या घराला कधी आकडा होता का? आणि टेकडी आता अशी बोडकी केलीय की आपलं घर नेमकं कुठे होतं ते मलाही बोट दाखवून सांगता येत नाही. खरं सांगायचं तर त्या उतारावर मी जातच नाही. पायऱ्याही नव्या, वरच्या अंगाने काढलेल्या.

तर मी आपला नेहमीसारखा बडबडत उतरत होतो. इथे शेकडो घरं होती, घराची मागची खोली म्हणजे एकेक थडगं, माझे लोक त्यात पीठ ठेवायचे, शेळ्या बांधायचे, उन्हाळ्यात गारव्याला झोपायचे, मग सरकारने घरं पाडली आणि सगळ्यांना खाली नव्या वस्तीत नेलं. हे सगळं मी इतक्यांदा बोललोय की तोंड बोलतं आणि डोकं दुसरीकडे असतं. बोलता बोलता वर बघितलं. छताला काळा पट्टा, आईच्या भाकरीच्या भट्टीच्या धुराचा. त्याच्या टोकाला कंदिलाची कडी, तू लोंबकळून वाकवलेली. आणि डावीकडे वळलो तर बाईसाहेब.

माझी बडबड तिथेच तुटली. चौदा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. नॉर्वेची एक बाई आहे, सगळ्यात म्हातारी, तिने विचारलं ही कोण. मी म्हटलं, ही आमच्या घरातली. आणि मटकन खालीच बसलो. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

तिथे रिहाम नावाच्या बाई आहेत, भिंती साफ करणाऱ्यांच्या मुख्य. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. म्हणाल्या, बाकीच्या भिंती धुराने खाल्ल्या, पण या चेहऱ्यावर कुणीतरी बारीक चाळलेली माती लिंपली होती, चुन्याचा कणही नव्हता तिच्यात. ओल्या कापसाने अलगद निघाली. खाली रंग कालचे असावेत असे. ज्याने लिंपली त्याचा हात भेटला तर मुका घेईन, म्हणाल्या. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सतरा वर्षं, तय्यब. त्या मातीमागे भोक आहे असं आपण धरून चाललो. आपण म्हणजे बाबा आणि मी. आपल्या टेकडीवर रंगवलेल्या भिंतीवर ओली माती दिसली की तिचा अर्थ एकच असतो, तान्ह्या पोरालाही विचार. कापलं, विकलं आणि भोक बुजवलं. त्यात तू त्याच आठवड्यात मोटरसायकल आणलेली.

तू म्हणत होतास, खरवडा, नखाने खरवडा. दुसरं काहीच बोलत नव्हतास. आणि बाबा भिंतीला पाठ लावून उभे. म्हणाले, "मी इथल्या थडग्यांचा सरकारी पहारेकरी आहे. खरवडलं आणि मागे भोक निघालं, तर माझ्या पोराला मलाच ठाण्यावर न्यावं लागेल. माती राहू दे. तू जा."

म्हातारा हट्टी होता. त्याच्यापुढे माझं काय चालणार होतं?

आई बरी आहे, पण नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणतात उजवा डोळा गेल्यातच जमा, डावा असेल आणखी वर्षभर. रोज विचारते, तय्यबचा काही निरोप? तिला चेहरा दिसतोय तोवर ये. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली, आता तुला दारातून परत फिरवणारं कुणी उरलेलं नाही.

— शाजली

इस्ना, लॉकपाशी. बुधवार, सकाळ

तय्यब,

कालचं पत्र लक्सरच्या धक्क्यावरच टाकलं. हे एडफूला टाकीन.

बोटी बंधाऱ्यापलीकडे चढवणाऱ्या या लॉकपाशी आमच्यापुढे पाच बोटी आहेत, म्हणजे दुपारपर्यंत इथेच. खाली होडीवाल्यांचा बाजार भरलाय. शाली, झगे पिशवीत घालून तीन मजले वर डेकवर भिरकावतायत. पाहुण्यांतल्या एका जर्मन काकांच्या कॉफीच्या कपात एक झगा पडला. काका हसले, मी हसलो नाही, तर आचाऱ्याने विचारलं, काय उस्ताद, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, उलट, कुणीतरी परत आलंय. तो बघतच राहिला.

डोक्यात एकच भुंगा. माती लिंपली कुणी?

बाबांनी? छे. त्यांना त्या भिंतीला फुंकर मारलेली चालत नसे. लहानपणी मी बाईसाहेबांच्या कमळाला बोट लावलं म्हणून मला दिवसभर शेळ्यांबरोबर बांधून ठेवलं होतं, आठवतं? चोराने? चोर कापतो तरी, नाहीतर पळतो. न कापता लिंपून जाणारा चोर मी तरी ऐकला नाही. तू? तू लिंपली असतीस तर सरळ सांगितलं असतंस की मी लिंपली, मागे काही झालेलं नाही, बघा. मग तू तसं का नाही बोललास? नुसतं खरवडा, खरवडा. रात्रभर हेच उलटसुलट केलं, झोप कसली.

एक गोष्ट कालच्या पत्रात लिहिली नाही. तुला माहीतच आहे, तरी लिहितो. बाबांनी मला विचारलं होतं, तू काही बघितलंस का? आणि मी म्हणालो, काल तय्यबच्या कोपरापर्यंत माती होती.

ते खोटं नव्हतं. तुझे हात मातीने भरलेले होतेच. जे बघितलं ते सांगितलं. विचारल्यावर माणूस काय करतो?

आणि बायकांना काही सांगायचं नाही ही बाबांची अट होती, माझी नव्हे. "घरात कळलं की भाकऱ्यांच्या भट्टीवर सगळ्या बायकांना कळेल आणि भट्टीवर कळलं की ठाण्यात," म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? त्याच महिन्यात वरच्या आळीतल्या एका पहारेकऱ्याला भिंत कापली गेली म्हणून पाच वर्षांची सजा झाली होती. आईला आणि तुझ्या साबरीनवहिनीला सांगितलं, मोटरसायकलवरून बापलेकांचं वाजलं, तय्यब रागाने कुवेतला गेला. आई अजून तेच धरून बसलीय. शेजारी कुणाचा पोरगा मोटरसायकल घेतो म्हटला की ती त्याच्या आईला जाऊन सांगते, घेऊ देऊ नकोस, घर फुटतं.

भोंगा झाला. आमचा नंबर आला बहुतेक.

— शाजली

कोम ओम्बो. गुरुवार, दुपार

तय्यब,

मी बोटीच्या मागच्या बाजूला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून लिहितोय. पाहुणे मगरीच्या देवाचं देऊळ बघून आले, आता झोपलेत. 

सकाळी एडफूहून घरी फोन लावला. साबरीन भाकरीचं पीठ उन्हात फुगायला ठेवत होती. मी आपलं आडून आडून विचारलं, म्हटलं टेकडीवर आपलं थडगं उघडलंय, बाईसाहेबांवर कुणीतरी माती लिंपली होती म्हणे. मला वाटलं, म्हणेल, कुणी हो?

ती हसली. म्हणाली, "अगबाई, निघाली का ती माती? ती मीच लिंपली होती. मी आणि आत्याने."

आत्या म्हणजे आई, ती सासूला आत्याच म्हणते.  तय्यब, कठड्याला धरलं नसतं तर नाईल नदीत गेलो असतो.

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. आमची नजात तेव्हा वीस दिवसांची होती. आदल्या वर्षी आमचा यासीन पंचविसाव्या दिवशी गेला ते तुला माहीत आहे. साबरीनचं दूध आटलं, शेळीचं त्याला पचेना आणि तो तुझ्याच हातात गेला. कफनही तूच गुंडाळलंस, माझ्याच्याने झालं नाही. नजातच्या वेळी पुन्हा तेच सुरू झालं. विसाव्या दिवशी छाती कोरडी. पोर रडून रडून निळी पडायला लागली. आई म्हणाली, ही मागची बाई बाळंतिणीवर डोळा ठेवून आहे. बाळंतिणीची खोली आणि बाईसाहेबांची भिंत, मध्ये नुसतं एक दार. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर खिळ्याने डोळा खरवडून टाकला असता, टेकडीवर अर्ध्या भिंतींचे डोळे तसेच गेलेत. पण पहारेकऱ्याच्या घरात तसं करता येतंय थोडंच? म्हणून आईने बेत काढला. बारीक माती चाळायची, चुना घालायचा नाही, हलक्या हाताने लिंपायचं आणि चाळीस दिवस भरले की ओल्या फडक्याने पुसून काढायचं. डोळाही झाकला जाईल आणि बाबांच्या भिंतीला ओरखडाही नाही. शुक्रवारी आपण नमाजाला गेलो तेवढ्या वेळात दोघींनी काम उरकलं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. तय्यब, माझी पोर त्या मातीवर जगली. तिचं नाव आम्ही नजात ठेवलं, सुटका. कशातून सुटली ते मला आज कळलं, सतरा वर्षांनी.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? साबरीन म्हणाली, ते पुरुषांना सांगायचं नसतं, चाळीस दिवसांच्या आत तोंडातून गेलं तर दूधही जातं. आणि नंतर? "नंतर मामंजींनी दुसऱ्याच दिवशी त्या खोलीला कुलूप घातलं. आम्हाला वाटलं, माती बघितली त्यांनी आणि रागावले. पण तोंडाने काही बोलले नाहीत, तर आम्ही कशाला आपणहून बोलायला जाऊ? मग बुलडोझरच आले."

एका घरात, एका भाकरीच्या टोपलीतून खाणारी चार माणसं, तय्यब! दोघांनी दोघींपासून लपवलं, दोघींनी दोघांपासून, आणि चिरडला गेलास तू. शेवटी साबरीनने विचारलं, का हो, का विचारताय? मी म्हटलं, असंच. बघ, अजूनही माझ्या तोंडून निघालं नाही.

आता तू विचारशील, मी माझ्याबद्दल काय लपवतोय. लपवतोय. काल लिहिलं ना की हाताला माती होती हे खोटं नव्हतं? पुढचं ऐक.

बाबांनी ओली माती बघितली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तुझ्याकडे बघितलंच नव्हतं. माझ्याकडे बघितलं. गाइड मी, परदेशी माणसांत ऊठबस माझी, चेहरा कुणाला विकायचा हे माहीत असणारा घरात मीच. ते म्हणाले, "शाजली?" एवढंच; 'तू काही बघितलंस का' हे कालच्या पत्रात मीच घुसडलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. परवाना नुकता मिळाला होता, घरात वीस दिवसांची पोर. आणि माझ्या तोंडून निघालं, तय्यबच्या कोपरापर्यंत माती होती.

मी तुला आपल्या कबुतरं पाळायच्या मातीच्या बुरुजापाशी माती कालवताना बघितलं होतं. आई म्हणालीही होती की बुरुजाला भेग पडलीय. मला वाटलं, बुरुजाचं काम चाललंय. वाटलं काय, मला पक्कं ठाऊक होतं. बाबांना हे पुढचं अर्धं वाक्य सांगितलं असतं तर त्यांनी बुरूज बघितला असता, तुला विचारलं असतं, दोन दिवस गेले असते, राग उतरला असता. मी अर्धंच बोललो आणि उरलेलं गिळलं. बाबांनी मान वळवली आणि तुझ्याकडे बघितलं. मला हायसं वाटलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मशिदीत एकटा बसलो असतानाही नाही.

मी बाबांना हट्टी म्हणालो ना? परत घेतो.

— शाजली

असवान. शनिवार, सकाळ

तय्यब,

पाहुण्यांना निरोप दिला. नॉर्वेची म्हातारी उतरताना हात धरून म्हणाली, चार दिवस तुम्ही आम्हाला सगळ्या देवांच्या गोष्टी सांगितल्यात, तुमच्या घरातल्या बाईची मात्र राहिली. मी म्हटलं, ती मलाच आता कळतेय. तिने पुढे विचारलं नाही, शहाणी बाई.

आईला सांगू की नको, हे ठरत नव्हतं. सांगितलं तर तिला कळेल की तिच्याच मातीने तिचा मुलगा घराबाहेर गेला. या वयात तिच्या डोक्यावर हा डोंगर कशाला, असं एक मन म्हणतं. दुसरं मन म्हणतं, शाजल्या, तुला आईची काळजी नाही, तुला स्वतःची आहे. कारण सांगायचं तर सगळं सांगावं लागेल, हाताची माती आणि कबुतरांचा बुरूज धरून. तुला पत्रात लिहिणं सोपं आहे, तू समोर नाहीस.

दुपारच्या गाडीने घरी निघतोय. तिघींना घेऊन टेकडीवर जाणार. जे काय व्हायचं ते बाईसाहेबांसमोर होऊ दे.

— शाजली

नवं गुर्ना, घरून. सोमवार

तय्यब,

काल गेलो होतो. आई, साबरीन, नजात आणि मी. आईला पायऱ्या उतरवत नव्हत्या, नजातने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. नजात माझ्याहून उंच झालीय, तुला ओळखू यायची नाही.

रिहामबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी दोरी सोडून आईला भिंतीपाशी जाऊ दिलं, हात तेवढा लावायचा नाही म्हणाल्या. आई नाक टेकेल इतकी जवळ गेली. आणि म्हणाली, "तूच गं ती! माझ्या नातीचं दूध तोडायला निघाली होतीस." आणि रिहामबाईंना सांगायला लागली की माती कशी तीनदा चाळली, पाणी किती घातलं. त्या बाई लिहून घेत होत्या. त्यांनी खरंच आईच्या हाताचा मुका घेतला. साबरीन ओढणीत तोंड घालून हसत होती. मला वाटलं, सोड, शाजली, आजचा दिवस असाच जाऊ दे.

पण मग आईच म्हणाली, माझा तय्यब असता आज तर त्यालाही दाखवलं असतं.

मी सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या. बाबांनी माती बघितल्यापासून सगळं, अर्ध्या वाक्यासकट. साबरीनचं हसू कुठल्या कुठे गेलं. आईला पहिल्यांदा कळेचना. पुन्हा विचारलं, "म्हणजे कारण मोटरसायकल नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. "आणि त्याच्या हाताला माती होती म्हणून तू सांगितलंस?" मी म्हटलं, हो, पण ती बुरुजाची होती, मला माहीत होतं.

आई म्हणाली, "बुरुजाची नव्हती रे. बुरुजाला भेग मुळी नव्हतीच. तुम्ही विचाराल म्हणून मी तसं म्हणाले होते. माझ्या मनगटात तेव्हा जोर नव्हता आणि साबरीन बाळंतीण. भिंतीची माती मी तय्यबकडून कालवून घेतली होती."

मी भिंत धरली. रिहामबाई ओरडल्या नाहीत.

मी विचारलं, त्याला माहीत होतं कशासाठी ते? आई म्हणाली, न सांगता करणारा आहे का तो? सगळं सांगितलं होतं. आणि पुरुषमाणूस म्हणून शपथ घालून घेतली होती. नजातच्या टाळूवर हात ठेवायला लावला. चाळीस दिवस कुणा पुरुषाला बोलणार नाहीस, बोललास तर ही पोर जाईल, जसा यासीन गेला.

तय्यब, तय्यब! तू बाबांच्या आणि माझ्या मध्ये उभा होतास आणि तुझ्या जिभेवर माझ्या मुलीचा जीव होता. मी माझा परवाना वाचवत होतो आणि तू माझी पोर. म्हणून तू एक शब्द बोलला नाहीस, नुसतं खरवडा म्हणालास. सांगायचं नाही अशी शपथ होती, खरवडायचं नाही अशी नव्हती. तेवढीच एक फट तुला उरली होती आणि तुला वाटलं, आपलेच लोक आहेत, एकदा नख तरी लावतील. आम्ही नख लावलं नाही.

आईने मला मारलं. हातात चप्पल घेऊन मारलं, पहारेकऱ्यासमोर, नजातसमोर. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. कुणी मध्ये पडलं नाही आणि पडायला नकोच होतं. मग ती जमिनीवर बसली आणि ज्या आवाजात यासीनच्या वेळी रडली होती त्या आवाजात रडली. नजात तिच्याजवळ बसून होती. थोड्या वेळाने पोरीने वर बघून मला विचारलं, "बाबा, मग काकांनी चाळीस दिवसांनंतर तरी का नाही सांगितलं?"

हा प्रश्न मी टाळू शकलो असतो. नाही टाळला. त्यांना जे सांगितलं ते तुलाही लिहितो, जरी तुला ते माझ्याआधीपासून माहीत आहे.

नजातच्या चाळिसाव्या न्हाणाच्या दिवशी घरात पाहुणे होते. दुपारी फोन वाजला. मी उचलला. लांबचा आवाज, खरखर. तू म्हणालास, "शाजली? आज चाळीस झाले ना?" मला वाटलं, तू नजातची विचारपूस करून मला मऊ करायला बघतोयस, आणि शेजारी ठाण्यातले एक साहेब भात खात बसले होते. मी फोन ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला नाही.

तर आपल्यात फोन ठेवायला पहिल्यांदा सुरुवात मी केली. पहिल्या पत्रात ते मी तुझ्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. तू कुवेतमध्ये बसून एकेक दिवस मोजलास, चाळिसाव्याला फोन लावलास आणि मी तो आदळला. त्यानंतर तू कशाला बोलशील? आणि आईला सांगायचं म्हणजे तिची माती तिच्याच पदरात घालायची. ते तू केलं नाहीस. माझ्यात आणि तुझ्यात हा फरक आहे, तो आता साऱ्या गुर्न्याला कळलाय. रात्रीपर्यंत भट्टीवर गेलं होतं, बाबा म्हणायचे तसं. सकाळपासून बायका येऊन आईला तुझ्याबद्दल विचारतायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. साबरीनही माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. तिला सारखं वाटतंय, एडफूहून मी फोन केला तेव्हा ती हसली कशी.

मी माफी मागणार होतो. चार वेळा लिहून खोडली. या कागदावर ती मावत नाही. तू आलास तर दारात उभा राहून मागीन, तू नको म्हणालास तर बाजूला होईन, पण आईला भेट. विमानतळावर मी येऊ की नजात, ते तू ठरव.

हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. मध्ये मध्ये तिने दोनदा कानफटात दिली, लिहून ठेव म्हणाली, म्हणून लिहिलं. दर शुक्रवारी नमाजानंतर फोन तिच्या मांडीवर असेल, मी घरात नसेन. शेवटी तुझ्यासाठी काही निरोप आहे का म्हणून विचारलं. तिने अंधुक डोळा पुसला आणि म्हणाली:

"त्याला लिही: बाळा, चाळीस दिवस कधीच भरले. आता बोललास तरी चालेल."